रात्रीचं गवत कोण टाकणार? ट्रेनिंगमधल्या एका घोडीच्या अल्सरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम भारतातल्या रेसच्या घोड्याचं वर्ष दोन शहरांत विभागलेलं असतं. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत महालक्ष्मीला, जुलै ते ऑक्टोबर पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर. मधला प्रवास फ्लोटमधून, म्हणजे घोडे नेण्याच्या गाडीतून, घाटातून. या प्रकरणातली घोडी अशाच एका मध्यम आकाराच्या पागेतली. चार वर्षांची थरोब्रेड (रेससाठी पैदास केलेली जात), वजन साधारण ४५० किलो. ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत.

मुंबईच्या मोसमात ती बरी पळाली होती. पुण्याला आल्यावर जुलैमध्ये नळीला सूज आली, म्हणून काही दिवस फिनाइलब्युटाझोन हे सूज आणि वेदना कमी करणारं औषध दिलं गेलं. सूज उतरली, काम पुन्हा सुरू झालं.

तिचा दिवस कसा जायचा ते सविस्तर सांगायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. पहाटे साडेपाचला ट्रॅकवर काम, तेही उपाशीपोटी. परत आल्यावर फिरवणं, धुणं, खरारा, आणि नऊच्या सुमारास पहिली चंदी. दुपारी एकला दुसरी, संध्याकाळी साडेपाचला तिसरी. प्रत्येक वेळी दोन किलो: बहुतेक ओट, थोडे जव, मूठभर भिजवलेला हरभरा, वर कोंडा. वाळलं गवत दिवसाला जेमतेम चार किलो. संध्याकाळी टाकलेलं गवत साडेआठपर्यंत संपायचं. म्हणजे रात्री साडेआठपासून सकाळी नऊपर्यंत घोडीच्या तोंडात काडी नाही, आणि त्या साडेबारा तासांतच, नऊ तास उपाशी राहिल्यावर, दौड.

यात जगावेगळं काही नव्हतं. शेजारच्या पागांचं वेळापत्रकही थोड्याफार फरकाने असंच होतं.

अडचण

ऑगस्टच्या मध्यावर सईसाने सांगितलं की घोडी चंदी टाकतेय. आधी संध्याकाळची अर्धवट राहायची, मग सकाळचीही. गवत मात्र ती ओढून ओढून खायची. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला येऊ लागली. अंगावरची चमक गेली, बरगड्या दिसू लागल्या. कामात शेवटच्या दोन फर्लांगांत (सुमारे चारशे मीटर) ती आपणहून हात आखडता घेते, असं रायडिंग बॉयचं, म्हणजे रोजच्या कामाला तिच्यावर बसणाऱ्या स्वाराचं, म्हणणं. आठवड्यातून एकदोनदा खाल्ल्यानंतर ती पोटाकडे वळून बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची, पण शूळ म्हणावा इतकं काही नाही.

पागेत प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. रायडिंग बॉयला पाठ दुखत असल्याची शंका. मालकांना वाटत होतं जॉकी बदलावा. जमादार, म्हणजे सईसांचे मुख्य, साताऱ्याकडचे, चाळीस वर्षं घोड्यांत काढलेले, ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पावसात घोडी अशीच रुसते. ऑक्टोबरात बघा, आपोआप खाईल." त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पावसाळ्यात फिरवणं कमी होतं, गवत दमट येतं, बुरशीचा वास येणारी गठडी बाजूला काढली की आधीच कमी असलेलं गवत आणखी कमी होतं.

दात तपासले, पाठ आणि कंबर दाबून पाहिली, रक्त आणि लीद तपासली. हाती फारसं लागलं नाही. रक्ताच्या तपासणीतून घोड्याच्या जठरातला अल्सर कळत नाही, आणि लक्षणांवरून खात्री देता येत नाही. अल्सर असलेले कित्येक घोडे काहीच दाखवत नाहीत, आणि तंगाला चिडणारा प्रत्येक घोडा अल्सरचा नसतो.

तरीही संशय तिकडेच होता. ट्रेनिंगच्या पहिल्या दोनतीन महिन्यांत थरोब्रेड घोड्यांपैकी ८० ते १०० टक्क्यांच्या जठराच्या वरच्या भागात अल्सर सापडतात, असं पाहण्यांत वारंवार दिसलं आहे.

जठरात काय घडतं

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. माणसाच्या जठरात जेवणाच्या वेळी आम्ल वाढतं. घोड्याच्या जठरात ते अहोरात्र झिरपत राहतं, पोट रिकामं असलं तरीही. निसर्गाने हा प्राणी दिवसातले सोळाएक तास चरण्यासाठी घडवलाय. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते, आणि गवत चावायला चंदीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत असल्याने लाळही जास्त सुटते.

जठराच्या खालच्या भागाला श्लेष्म्याचं संरक्षण आहे, वरच्या भागाला नाही. घोडा उभा असताना आम्ल खाली राहतं. तो दुडकी किंवा दौड धरतो तेव्हा पोटाचे स्नायू आवळले जातात, जठर दाबलं जातं आणि आम्ल वरच्या उघड्या अस्तरावर चढतं. पोटात गवताचा थर असेल तर ते बऱ्यापैकी अडतं. रिकाम्या पोटी दौड म्हणजे अडवायला काहीच नाही.

स्टार्च हे दुसरं कारण. जास्त धान्य एकदम पोटात गेलं की ते जठरातच आंबतं, आणि त्यातून तयार होणारी आम्लं वरच्या अस्तराला आणखी इजा करतात. म्हणून एका वेळी वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम आणि दिवसाला दोन ग्रॅमच्या वर स्टार्च जाऊ नये, असा संकेत आहे. ४५० किलोच्या घोडीला एका वेळी ४५० ग्रॅम. दोन किलो ओटप्रधान चंदीतून तिला त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळत होतं, तेही दिवसातून तीनदा.

पहिला निर्णय: बघायचं की थेट औषध द्यायचं

ट्रेनरसाहेबांचा कल थेट औषधाकडे होता. कारणं व्यवहाराला धरून होती. जठरापर्यंत पोचायला तीन मीटरची दुर्बीण लागते, ती आणि ती चालवणारा माणूस मागवावा लागतो, घोडीला बारा ते सोळा तास उपाशी ठेवावं लागतं, गुंगी द्यावी लागते. आधीच कमी खाणाऱ्या घोडीला उपाशी ठेवणं कोणालाच रुचत नव्हतं.

न बघता औषध सुरू करून गुण आला तर निदान झालं असं मानणं, ही पद्धत सर्रास चालते आणि कधीकधी चालूनही जाते. इथे दोन गोष्टींनी पारडं फिरलं. एक म्हणजे जुलैमधलं फिनाइलब्युटाझोन. त्यामुळे जठराच्या खालच्या, ग्रंथी असलेल्या भागातही इजा असण्याची शक्यता होती. वरचा आणि खालचा अल्सर हे जवळजवळ वेगळे आजार आहेत. ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाने चार आठवड्यांत वरचे बहुतेक अल्सर भरतात. खालचे एकट्या ओमेप्राझोलने तेवढ्याच काळात साधारण चारात एक भरतात. दुसरी गोष्ट, औषध महाग होतं, आणि चार आठवडे ते देऊन शेवटी दुखणं दुसरंच निघालं असतं तर मोसम हातचा गेला असता.

दुर्बीण टाकली. वरच्या भागात, दोन्ही अस्तरं जिथे मिळतात त्या कडेला लागून मोठे, उथळ, पसरलेले व्रण होते: शून्य ते चारच्या मापात तीन. जठराच्या तोंडाशी, म्हणजे आतड्याकडे जाणाऱ्या टोकाला, लालसर आणि किंचित उंचावलेला एक डाग. या खालच्या डागांना आकडा देत नाहीत, नुसतं वर्णन करतात. पडद्यावर ते चित्र पाहिल्यावर पागेतला जॉकी-पाठ-पाऊस वाद तिथेच मिटला. माझ्या मते दुर्बिणीचा निम्मा उपयोग हाच होता. पुढे जे बदल करायचे होते ते नुसत्या संशयावर कोणी केले नसते.

समोर असलेले पर्याय

खाण्याचा सोडा. चंदीत दोन चमचे सोडा टाकावा, हा पागेतला जुना उपाय. त्याने आम्ल शमतं खरं, पण तेवढ्यापुरतं. शिवाय रेसच्या घोड्याच्या बाबतीत सोड्याशी खेळणं धोक्याचं आहे: रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडची आंतरराष्ट्रीय मर्यादा प्लाझ्माच्या लिटरला ३६ मिलिमोल आहे, आणि शर्यतीच्या आसपास सोडा पाजणं ही सरळ डोपिंगची केस होते. तो पर्याय दोन मिनिटांत बाद झाला.

माणसाच्या कॅप्सूल. मालकांनी विचारलं, मेडिकलमधल्या वीस मिलिग्रॅमच्या ओमेप्राझोलच्या कॅप्सूल का नकोत? हिशेब असा. दर किलोला चार मिलिग्रॅम धरून ४५० किलोला १८०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज नव्वद कॅप्सूल. त्या फोडून मॅशमध्ये कालवल्या आणि आतले दाणे चिरडले गेले, तर औषध आतड्यात पोचण्याआधीच जठरातल्या आम्लाने मरतं. ओमेप्राझोलला आम्ल अजिबात सोसत नाही. घोड्यांसाठी खास बनवलेली पेस्ट महाग का आणि ती का लागते, हे नव्वदच्या आकड्याने लगेच पटलं.

स्टड फार्मवर विश्रांती. पुण्याच्या आसपासच्या एखाद्या फार्मवर दोनतीन महिने चरायला सोडली असती तर बहुधा औषधाशिवायही सुधारली असती. मालक याला तयार होते, हे विशेष. पण परत आल्यावर तेच वेळापत्रक असतं तर काय? कुरणात फिरणाऱ्या घोड्याला ठाणावर बांधून चारा बदलला तर आठवड्याभरातही अल्सर दिसू लागतात.

औषध आणि वेळापत्रक, दोन्ही. हाच मार्ग ठरला. अडलं ते वेळापत्रकावर.

जमादारांची हरकत

औषधाला कोणाचा विरोध नव्हता. "कामाआधी घोडीला खायला द्या" म्हटल्यावर मात्र जमादार उठलेच. भरल्या पोटी घोडा पळवायचा नाही, हे ते पोरवयात शिकले होते, आणि मोठ्या चंदीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. कामाच्या आधी तीन तासांत धान्य नकोच. इथे प्रश्न होता अर्धा किलो लसूणघासाच्या कुट्टीचा, कामाच्या अर्धा तास आधी. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, ती आम्ल शमवायला मदत करतात. शिवाय चावण्यातून लाळ येते आणि पोटात थर तयार होतो.

हा वाद युक्तिवादाने सुटला नाही. ट्रेनरसाहेबांनी एवढंच म्हटलं, "जमादार, आठवडाभर द्या. घोडी फुगली, धापा टाकायला लागली, तर तुमचं खरं." जमादारांनी मान्य केलं आणि पहिले काही दिवस कुट्टी स्वतः मोजून टाकली. मला वाटतं, दुसऱ्या कोणाच्या हाती दिली असती तर ती टाकलीच गेली नसती.

दुसरा पेच रात्रीचा. घोड्याला गवताविना सहा तासांपेक्षा जास्त काळ ठेवू नये म्हटलं, तर रात्री अकराला कोणीतरी गवत टाकायला हवं. सईस पहाटे चारला उठणारे, ते नऊला झोपतात. शेवटी रात्रीच्या राखणदाराला पगारात थोडी वाढ देऊन ते काम सोपवलं. गवत भरून टांगायची बारीक भोकांची जाळी आणली, म्हणजे तेवढंच गवत जास्त वेळ पुरतं.

तिसरा पेच औषधानेच आणला. ओमेप्राझोल रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, आणि आपण तर पोट रिकामं राहू नये म्हणून झटत होतो. तोडगा असा निघाला: अकराचं गवत एक-दीडपर्यंत संपेल एवढंच टाकायचं; पहाटे चारला पेस्ट; पाचला कुट्टी; साडेपाचला काम. पहाटे तीनचं जास्तीचं गवत औषधाचा कोर्स संपल्यावर सुरू करायचं. हा आदर्श तोडगा नव्हे, पण हा प्रश्न असा आहे की कुठेतरी कमी पडावंच लागतं.

प्रत्यक्षात काय केलं

ओमेप्राझोल रोज दर किलोला चार मिलिग्रॅम, चार आठवडे. जठराच्या तोंडाशी असलेल्या डागासाठी सुक्राल्फेट (व्रणावर थर धरणारं औषध) दिवसातून दोनदा, ओमेप्राझोलपासून अंतर ठेवून. फिनाइलब्युटाझोन पूर्ण बंद.

चंदी सहा किलोवरून साडेचारवर आणली आणि चार वेळांत वाटली. त्यामुळे एका वेळचं स्टार्च ठरलेल्या मर्यादेच्या आसपास आलं. दिवसाची बेरीज अजूनही मर्यादेच्या दुप्पट होती. दौडणाऱ्या घोडीला त्याहून खाली न्यायला ट्रेनर तयार नव्हते, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. कमी झालेली ताकद भरून काढायला दोन किलो वाळलेला लसूणघास आणि हळूहळू वाढवत पाव लिटर सोयाबीन तेल. गवत चारवरून सहा किलोवर, म्हणजे लसूणघास धरून आठ. दिवसाकाठी वजनाच्या दीड टक्का सुका चारा हा किमान हिशेब त्यात बसतो. पाण्याची बादली रात्रीही भरलेली.

कामाच्या वेगात पहिले दोन आठवडे कपात, संध्याकाळी हातात दोर धरून हिरवळीवर चरणं. क्षारांची घट्ट पेस्ट घामानंतर थेट तोंडात द्यायची पद्धत होती. तशा पेस्टने अल्सर वाढल्याचं दिसलं आहे, म्हणून तेच क्षार चंदीत मिसळून देऊ लागलो.

शर्यत चुकवण्याचा निर्णय

सप्टेंबरच्या मध्यात तिच्या वर्गातली एक चांगली शर्यत होती, आणि मालकांचं मन तिच्यात अडकलं होतं. पळवायची तर औषध आधी थांबवावं लागणार. किती आधी, ते शर्यती घेणाऱ्या क्लबच्या पशुवैद्यकांना लेखी विचारूनच. पण औषध मध्येच सोडलं की जठरात आम्ल उसळी मारून येतं, आणि ते नेमकं शर्यतीच्या आठवड्यात, म्हणजे सगळ्यात जास्त ताणाच्या दिवसांत. अर्धवट भरलेला व्रण पुन्हा उघडला असता.

दोन संध्याकाळी चर्चा चालली. अखेरीस मालकांनी स्वतःच नाव मागे घ्यायला सांगितलं. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला आवडला: "जिंकली तर तुम्ही म्हणाल औषधाने, हरली तर म्हणाल अल्सरने. मग या शर्यतीतून आपल्याला कळणार काय?"

निकाल

चंदी संपवण्यात दहाएक दिवसांत फरक दिसला. तंगाला चिडणं कमी झालं, गेलं नाही. ती सवय बनून उरली असावी. कामाआधीच्या कुट्टीने धापही वाढली नाही आणि पोटही फुगलं नाही, आणि जमादारांनी आणखी दोन घोड्यांना ती आपणहून सुरू केली.

चार आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. वरचे व्रण भरले होते, कडेला थोडं जाडसर अस्तर उरलं होतं. जठराच्या तोंडाशी लाली फिकट झाली होती, पण डाग पूर्ण गेला नव्हता. सुक्राल्फेट पुढे चालू ठेवलं, ओमेप्राझोल बंद केलं, पहाटे तीनचं गवत सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये क्लबकडून औषधाबाबत खात्री करून घेऊन ती पळाली आणि तिसरी आली. शेवटच्या दोन फर्लांगांत हात आखडला नाही, एवढं रायडिंग बॉयने आवर्जून सांगितलं. यावरून मोठा निष्कर्ष काढायला मी धजणार नाही. मैदान सुकलं होतं, विश्रांतीही झाली होती.

मग दिवाळी आली. राखणदार गावी गेला. बदली माणसाला रात्रीच्या गवताचं कोणी सांगितलं नाही. फटाके, त्यात मुंबईला हलवण्याची धावपळ, फ्लोटमध्ये जाळी बांधायची राहिली. महालक्ष्मीला पोचल्यावर आठवड्याच्या आतच तिने संध्याकाळची चंदी टाकायला सुरुवात केली. या वेळी कोणी पावसाला दोष दिला नाही. रात्रीचं गवत त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं, कामाचा वेग आठवडाभर उतरवला, ओमेप्राझोलचा छोटा कोर्स दिला, आणि ती सावरली.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमध्ये गेलेले दोन आठवडे वाचवता आले असते. चंदी टाकणारी पण गवत ओढून खाणारी घोडी हा पुरेसा बोलका इशारा होता. दुर्बीण मिळेपर्यंत निदान गवत वाढवून चंदी विभागायला हरकत नव्हती. त्यात कोणाचंच नुकसान नव्हतं.

जुलैमध्ये फिनाइलब्युटाझोन देणं चूक नव्हतं. पण औषध चालू असताना तिचं काम आणि खाणं पूर्वीसारखंच राहिलं. ते त्याच दिवसांत बदलता आलं असतं.

गवताची पोषणतपासणी झालीच नाही. सहा किलो गवत म्हणजे नेमकं किती पोषण, हे पावसाळी गवताच्या बाबतीत अंदाजाने ठरवणं जोखमीचं. तो खर्च औषधाच्या तुलनेत नगण्य होता.

पागेतल्या बाकी घोड्यांचं काय, हा प्रश्न उशिरा पुढे आला. मुंबईत दुर्बीण आलीच होती म्हणून लक्षणं नसलेले आणखी दोन घोडे पाहिले. एकाच्या जठरात दुसऱ्या पायरीचे व्रण निघाले. त्यानंतर ट्रेनरसाहेबांनी रात्रीचं गवत सगळ्या पागेला लागू केलं. रात्री अकरा आणि पहाटे तीन, अशा दोन फेऱ्यांची नोंद आता राखणदाराच्या वहीत होते आणि जमादार सकाळी ती बघतात. राखणदार रजेवर जाताना वही बदली माणसाच्या हातात देऊन जातो.

पुण्याहून मुंबईला हलण्याच्या आठवड्यांत शर्यत नसते, तेव्हा दर किलोला एक मिलिग्रॅम या प्रतिबंधक मात्रेत ओमेप्राझोल देता आलं असतं. पुढच्या स्थलांतराला या घोडीसाठी तसं ठरलं आहे: निघण्याच्या दोनतीन दिवस आधी सुरू, नव्या ठाणावर रुळेपर्यंत चालू, आणि फ्लोटमध्ये जाळी बांधल्याशिवाय गाडी सुटणार नाही.